नववा क्रमांक, पहिला क्रमांक

जून १९९८च्या शेवटच्या आठवड्यात नातेपुत्याच्या आमच्या शाळेतील भित्तिपत्रकावर मी एक टिपण लावले होते. शीर्षक होते 'धनराज, आता पुरे!' शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. मे महिन्याच्या अखेरीस हॉलंडमधील उट्रेख्ट येथे हॉकीची विश्वचषक स्पर्धा झाली होती. बारा देशांत भारत नववा आला होता आणि त्या संघाचा कर्णधार होता पुण्याच्या खडकीचा धनराज पिल्ले. इतिहासाचा शिक्षक म्हणून भित्तिपत्रक माझ्याकडे असे. फुलस्केपच्या दोन पानांत मी त्या माणसाचा निकाल लावून टाकला होता.

ती दोन पाने गेल्या वर्षी ट्रंक आवरताना सापडली. शाई फिकी झाली आहे, पण अक्षर माझेच आहे आणि आवेशही माझाच. तीस वर्षे मुलांना पुराव्याशिवाय विधान करू नये असे शिकवणाऱ्या माणसाने हे लिहिले, याची लाज वाटली. मग ठरवले की या टिपणाची तपासणी आपणच करावी. एखादा संघ अनपेक्षित क्रमांकावर का येतो, नावाजलेला खेळाडू ढेपाळला असे आपण कशावरून ठरवतो आणि त्या ठरवण्याला इतिहासाचा आधार किती असतो, हे त्या निमित्ताने पाहायचे होते.

आधी नातेपुत्याविषयी थोडे सांगायला हवे. पुणे–पंढरपूर रस्त्यावर फलटण, बरड मागे टाकून सोलापूर जिल्ह्यात शिरले की धर्मपुरीनंतर आमचे गाव लागते. माळशिरस तालुक्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत, कुस्तीचे फड आहेत, कबड्डी आहे. हॉकीची स्टिक मात्र आमच्या गावात त्या काळी दुकानात मिळत नव्हती आणि मैदानावरही दिसत नव्हती. तरीही हॉकीवर वाद होत. आमच्या आधीच्या पिढीने १९७५ सालच्या क्वालालंपूरच्या अंतिम सामन्याचे जसदेव सिंग यांचे धावते वर्णन आकाशवाणीवर ऐकले होते. पाकिस्तानला २–१ने हरवून भारत विश्वविजेता झाला, तो दिवस काही घरांत सणासारखा सांगितला जाई. हॉकी आपली आहे, ती आपल्याला येतेच, ही समजूत अशा आठवणींतून आली होती. म्हणून एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाच्या कपावर ज्यांनी कधी स्टिक हातात धरली नाही अशी माणसे धनराजने चेंडू कधी सोडायला हवा होता ते सांगत असत. त्यांत मीही होतो.

टिपण लावले त्याच आठवड्यात माउलींची पालखी मुक्कामाला आली. शाळेच्या खोल्या दिंड्यांना दिलेल्या असत. संध्याकाळी व्हरांड्यात एक वयस्क वारकरी चष्मा पुढे-मागे करत भित्तिपत्रक वाचत उभे होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार होते ते.

"माउली, हे तुम्ही लिहिलंय का?" त्यांनी विचारले.

"हो, मीच."

"चूक हाय असं न्हाई म्हणत मी. पण ह्या पोराला आमच्या कॉलनीत ल्हानाचा मोठा होताना बघितलाय. मोडकी स्टिक दोरीनं बांधून खेळायची ही भावंडं." थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुम्ही कधी बघितला हो त्याला खेळताना? पुरता सामना?"

मी नाही म्हणालो. पुरता सामना मी पाहिलेला नव्हता. सकाळच्या एस.टी.ने येणाऱ्या वर्तमानपत्रातील निकाल आणि चार ओळींचे वृत्त, एवढ्यावर मी लिहिले होते. ते काही बोलले नाहीत. "रामकृष्णहरी" म्हणून आत गेले. दुसऱ्या दिवशी पालखी माळशिरसकडे निघाली. टिपण मी काढले नाही, ते महिनाभर तसेच राहिले.

क्रमांकांचा इतिहास

माझ्या टिपणातील पहिले वाक्य असे होते : 'जगज्जेता भारत आज नवव्या क्रमांकावर येतो, याला कर्णधाराशिवाय दुसरे कोण जबाबदार?' या एका वाक्यात दोन गृहीतके आहेत. भारत कालपरवापर्यंत जगज्जेता होता, हे पहिले. संघाचा क्रमांक एका माणसामुळे ठरतो, हे दुसरे. दोन्ही तपासून पाहू.

१९२८च्या अॅमस्टरडॅमपासून १९५६च्या मेलबर्नपर्यंत भारताने ऑलिंपिकची सलग सहा सुवर्णपदके जिंकली. १९६०मध्ये रोम येथे पाकिस्तानने अंतिम सामन्यात १–० असे हरवले. १९६४ला टोकियोत सुवर्ण परत आले. १९६८ आणि १९७२ला कांस्य मिळाले. १९७५ला विश्वचषक आला. त्यानंतर सोळा महिन्यांनी, १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये, हाच विश्वविजेता भारत सातवा आला. ऑस्ट्रेलियाने साखळीत ६–१ असा पराभव केला. अजितपाल सिंग तेच होते, क्वालालंपूरला विजयी गोल करणारे अशोककुमारही तेच होते. सोळा महिन्यांत ही माणसे खेळ विसरली, असे म्हणणे कठीण आहे.

बदलली होती ती जमीन. मॉन्ट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली. आपल्या गवताच्या, बऱ्याचदा मातीच्या मैदानावर चेंडू उडतो, वळतो, थबकतो. तो स्टिकवर झेलून, नाचवत नेणे ही कला त्या मैदानाने घडवलेली. कृत्रिम गवतावर चेंडू सरळ आणि वेगाने धावतो. तिथे लांबचा अचूक पास, तेव्हाच्या सत्तर मिनिटांच्या सामन्याचा दम आणि ताकद यांना किंमत. युरोपातील क्लबांनी अशी मैदाने भराभर अंथरली. आपल्याकडची मुले मात्र मातीवर वाढत राहिली आणि राष्ट्रीय शिबिरात गेल्यावर त्यांना ते हिरवे मैदान दिसे. नव्वदच्या दशकात ऑफसाइडचा नियमही गेला आणि मैदान आणखी मोकळे, आणखी धावपळीचे झाले.

मधल्या यशाकडेही नीट पाहावे लागते. १९८०चे मॉस्कोचे सुवर्णपदक खरे आहे, स्पेनविरुद्धचा ४–३ असा अंतिम सामनाही चुरशीचा झाला. पण बहिष्कारामुळे पश्चिम जर्मनी, हॉलंड, ऑस्ट्रेलिया, पाकिस्तान हे तिथे नव्हतेच. पुरुषांच्या स्पर्धेत केवळ सहा संघ होते. खेळाडूंचा पराक्रम त्याने कमी होत नाही, मात्र आपण अजून शिखरावर आहोत हा भ्रम त्या पदकाने आणखी काही वर्षे टिकवला. विश्वचषकातील क्रमांक वेगळेच सांगत होते : १९७८ला सहावा, १९८२ला मुंबईत आपल्याच प्रेक्षकांसमोर पाचवा, १९८६ला लंडनमध्ये बारावा, म्हणजे शेवटचा. १९९०ला लाहोरमध्ये दहावा. १९९४ला सिडनीत पाचवा. ऑलिंपिकमध्ये १९८४ला पाचवा, १९८८ला सहावा, १९९२ला सातवा, १९९६ला आठवा.

ही आकड्यांची ओळ १९९८च्या जूनमध्ये माझ्यासमोर असती, तर 'जगज्जेता' हा शब्द मी लिहिला नसता. लंडनच्या बाराव्या क्रमांकावेळी धनराज भारतीय संघात आलेलाही नव्हता. त्याचे पदार्पण १९८९चे. उट्रेख्टचा नववा क्रमांक ही कोसळण्याची घटना नव्हतीच. वीस वर्षे चाललेल्या उतारावरील तो एक टप्पा होता. आश्चर्य वाटायचेच असेल, तर अशा संघात असा खेळाडू निपजला याचे वाटायला हवे होते.

तीन आरोप

माझ्या टिपणात धनराजवर तीन आरोप होते आणि ते माझे एकट्याचे नव्हते. हॉटेलातील बाकावर तेच होते, वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांतही थोड्याफार फरकाने तेच. एक, तो एकटाच चेंडू घेऊन पळतो, पण गोल होत नाहीत. दोन, त्याचे वय झाले. तीन, तो तोंड सांभाळत नाही.

पहिल्या आरोपाची छाननी करायला गेलो, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट हाती लागली. धनराज भारताकडून ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. या सामन्यांत त्याने किती गोल केले याची अधिकृत नोंदच नाही. तो स्वतः आणि काही आकडेतज्ज्ञ १७०हून अधिक सांगतात, पण संघटनेच्या दप्तरात हिशेब ठेवलेला नव्हता. क्रिकेटमध्ये रणजी सामन्यातील अकराव्या फलंदाजाचीही धाव न् धाव लिहिलेली असते. त्यामुळे सुनील गावसकर अपयशी ठरला की नाही, यावर आपण निदान आकडे समोर ठेवून भांडू शकतो. हॉकीच्या रसिकाकडे भांडायला आठवणीखेरीज काही नव्हते. आणि आठवण शेवटच्या पराभवापाशी जाऊन थांबते.

शिवाय गोलांची संख्या हा आघाडीपटूला मोजायचा पुरता गज नाही. वेगाने गोलवर्तुळात शिरणारा खेळाडू बचावपटूला चूक करायला लावतो. चेंडू बचावपटूच्या पायाला लागतो आणि पेनल्टी कॉर्नर मिळतो. तो कॉर्नर मिळवणाऱ्याच्या नावावर काहीही लिहिले जात नाही. गोल लिहिला जातो तो कॉर्नर मारणाऱ्याच्या नावावर. नव्वदच्या दशकात जगातील मोठ्या संघांनी ड्रॅग फ्लिकचे खास फेकी तयार केले. पाकिस्तानचा सोहेल अब्बास याच १९९८ साली पुढे आला. आपल्याकडे त्या तोडीचा माणूस तेव्हा नव्हता. धनराज पळत होता, कॉर्नर मिळत होते आणि वाया जात होते. 'एकटाच पळतो' हे निरीक्षण खरे होते. त्याचा अर्थ मात्र आम्ही उलटा लावला होता.

दुसरा आरोप वयाचा. १६ जुलै १९६८ हा त्याचा जन्मदिवस, म्हणजे उट्रेख्टच्या वेळी तो तिशीला टेकलेला. त्यानंतर २००२ साली कोलोन येथील चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत भारत चौथा आला आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून चौतीस वर्षांच्या धनराजची निवड झाली. २००३ला त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने आशिया चषक जिंकला. 'आता पुरे' म्हणण्याची माझी घाई किमान पाच वर्षांनी चुकली होती.

तिसरा आरोप सर्वांत जुना आणि सर्वांत आपला आहे. धनराज चिडका होता, फटकळ होता. मैदानावर त्याच्या डोळ्यांत पाणी येई आणि मैदानाबाहेर तो भत्त्यांविषयी, सोयींविषयी उघड बोले. खडकीच्या कामगार वस्तीतील तमिळ घरातला हा मुलगा. वडील मैदानाची देखभाल करणारे. ऐंशीच्या दशकात तो मोठा भाऊ रमेशच्या पाठोपाठ मुंबईला आला, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या संघाशी जोडला गेला, तिथे जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन लाभले, पुढे महिंद्र अँड महिंद्रकडून खेळला. ज्याला खेळाने भाकरी दिली आहे, तो भाकरीविषयी बोलणारच. कारखान्यातील कामगाराने मजुरी मागितली की आम्ही माळशिरस तालुक्यातील माणसे त्याला हक्क म्हणतो. खेळाडूने मागितली तेव्हा मी त्याला माज म्हटले होते. माझ्या टिपणात तोच शब्द आहे.

तेच वर्ष, तोच कर्णधार

टिपण लावल्याला सहा महिने झाले नव्हते. डिसेंबर १९९८मध्ये बँकॉकला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. कर्णधार धनराजच होता. प्रशिक्षक एम. के. कौशिक, मॉस्कोच्या सुवर्णविजेत्या संघातील खेळाडू. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशी बरोबरी झाली, निर्णय पेनल्टी स्ट्रोकवर गेला आणि गोलरक्षक आशिष बल्लाळने भारताला जिंकून दिले. १९६६नंतर प्रथमच, बत्तीस वर्षांनी, आशियाई सुवर्ण आले.

एकाच वर्षात तोच कर्णधार नववा आला आणि पहिलाही आला. अर्थात जागतिक स्पर्धा आणि आशियाई स्पर्धा यांत फरक आहे, हॉलंड-जर्मनी-ऑस्ट्रेलिया बँकॉकला नव्हते. पण पाकिस्तान आणि कोरिया होते आणि ते त्या काळी जगातील अव्वल संघांत मोडत. मे महिन्यात 'संपलेला' माणूस डिसेंबरात नव्याने जन्मला, असे काही घडले नव्हते. दोन्ही वेळा तो जवळपास तसाच होता. बाजूची परिस्थिती आणि नशिबाचा काटा इकडचा तिकडे झाला होता.

त्या संघात गोलरक्षकांचे प्रशिक्षक होते मीर रंजन नेगी. हे नाव आमच्या पिढीला चांगलेच माहीत आहे. १ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानने भारताला ७–१ने हरवले, तेव्हा गोलात नेगी होते. लोकांनी त्यांना पराभवाला जबाबदार धरले, एवढेच असते तर समजता आले असते. त्यांनी पैसे घेतले असे लोक बोलू लागले. पुरावा नव्हता, तरी तो माणूस कित्येक वर्षे हॉकीपासून दूर फेकला गेला. सात गोल होताना पुढे दहा खेळाडू होते, बचावाची फळी होती, आक्रमणासाठी उघडी टाकलेली बाजू होती. हे सगळे विसरून सगळ्यांचे बोट एका जाळीकडे वळले. सोळा वर्षांनी त्यांच्याच देखरेखीखालील गोलरक्षकाने स्ट्रोक अडवून सुवर्ण मिळवून दिले. २००७ साली आलेल्या 'चक दे इंडिया' चित्रपटामुळे नेगींची कहाणी घराघरांत गेली. पण १९८२ साली ज्यांनी तो आरोप चहाबरोबर चघळला, त्यांच्यापैकी कुणी माफी मागितल्याचे मला आठवत नाही. आमच्या बाकावर तरी कुणी मागितली नाही. तेव्हा मी पंचविशीत होतो. मीही मागितली नाही.

बँकॉकनंतर जे झाले ते या इतिहासातील सर्वांत कडू पान आहे. सुवर्ण घेऊन आलेल्या संघातून धनराजसह सात ज्येष्ठ खेळाडूंना पुढच्या मालिकेत वगळले गेले. अधिकृत कारण 'विश्रांती' असे सांगण्यात आले. मानधन न मिळाल्याबद्दल आणि सोयींबद्दल खेळाडू बोलले त्याची ही शिक्षा, असे सर्वत्र मानले गेले. कौशिकही प्रशिक्षकपदावरून गेले. जूनमध्ये मी जे मागत होतो ते जानेवारीत झाले होते. फरक एवढाच की, तेव्हा तो हरला होता आणि आता जिंकला होता. हरलेल्या खेळाडूला काढा अशी ओरड आपण करतो, तेव्हा त्याला कधीही काढता येते ही सोय आपण कुणाच्या तरी हाती देत असतो, हे मला त्या बातमीने शिकवले.

दीड-दोन मिनिटे

क्रमांक किती पातळ कागदावर लिहिलेला असतो, याचे उदाहरण म्हणून सिडनी ऑलिंपिक मी अजूनही देतो. सप्टेंबर २०००. साखळीतील शेवटचा सामना पोलंडशी. जिंकले की उपांत्य फेरी. भारत १–०ने पुढे होता. दोनेक मिनिटे उरली असताना पोलंडने बरोबरी केली आणि सामना १–१ असा सुटला. उपांत्य फेरीची जागा कोरियाला मिळाली. कोरिया अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि रौप्यपदक घेऊन आला. भारत पाचव्या ते आठव्या क्रमांकाच्या सामन्यांत ढकलला गेला आणि सातवा आला.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात चर्चा होती ती सातव्या क्रमांकाच्या लायकीची. साखळीत याच संघाने ऑस्ट्रेलियाशी २–२ अशी बरोबरी केली होती, स्पेनला हरवले होते. एक चेंडू अडला असता, तर हीच माणसे पदकाच्या दारात असती आणि आम्ही त्यांच्या मिरवणुकीचे बोलत बसलो असतो. यादीत क्रमांक सुटे आणि ठाम दिसतात. सातवा म्हणजे सातवा. पण स्पर्धेची रचना अशी असते की दुसरा आणि सातवा यांच्यात कधी कधी एकाच चेंडूचे अंतर असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने निकालाबरोबर निकालाची रचनाही वाचावी, हे मी त्यानंतर वर्गात लढायांच्या धड्यांनाही सांगू लागलो.

२००४ला अथेन्समध्ये धनराज चौथे ऑलिंपिक खेळला. स्पर्धा तोंडावर आलेली असताना प्रशिक्षक बदलला गेला होता. छत्तीस वर्षांच्या धनराजला मैदानावर फार कमी वेळ मिळाला. भारत पुन्हा सातवा. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक, चार आशियाई क्रीडास्पर्धा अशी कारकीर्द असलेला हा खेळाडू बाकावरून उठून निवृत्तीकडे गेला. त्याच्याशिवाय संघ सुधारेल असे म्हणणाऱ्यांना उत्तर मिळायला चार वर्षेही लागली नाहीत. २००६च्या विश्वचषकात भारत अकरावा आला. मार्च २००८मध्ये सँतियागो येथे ब्रिटनने २–०ने हरवले आणि १९२८नंतर पहिल्यांदा भारतीय हॉकी संघ ऑलिंपिकला पात्र ठरला नाही. तेव्हा संघाचे प्रशिक्षक होते जोकिम कार्व्हालो, धनराजला मुंबईत घडवणारे. त्यांनी राजीनामा दिला. पुन्हा एक माणूस सापडला होता.

याचा अर्थ खेळाडूवर टीका करूच नये असा नाही. १९३६च्या जुलैमध्ये बर्लिनला पोचल्या पोचल्या ध्यानचंद यांच्या संघाला सरावाच्या सामन्यात जर्मनांनी ४–१ असे हरवले होते. तेव्हा संघाने सबबी सांगितल्या नाहीत. आघाडीत उणीव आहे हे मान्य करून भारतातून दारा यांना तातडीने बोलावून घेतले. १५ ऑगस्टला अंतिम सामन्यात त्याच जर्मनीला ८–१ने हरवले. तिथेही टीका होती, पण ती सामना पाहिलेल्यांची होती आणि नेमकी उणीव दाखवणारी होती. माझ्या टिपणात उणीव एकही नव्हती, फक्त नाव होते.

आसू आणि नातेपुते

आता काळ फिरला आहे. आमच्यापासून जवळच, फलटण तालुक्यातील आसू या गावची वैष्णवी फाळके भारताच्या महिला संघातून खेळते. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात ती होती. ज्या पट्ट्यात स्टिक मिळत नव्हती, तिथल्या शेतकऱ्यांच्या मुली आता हॉकी खेळतात. आणि महिला संघाच्या क्रमांकांची चाल पुरुषांहूनही चक्रावून टाकणारी आहे. २०१६ला रिओमध्ये बाराव्या, म्हणजे शेवटच्या. पुढच्याच ऑलिंपिकमध्ये, टोकियोत, चौथ्या. आणि जानेवारी २०२४मध्ये रांचीला जपानकडून १–०ने हरल्या आणि पॅरिसला पात्रच ठरल्या नाहीत.

त्या रांचीच्या पराभवानंतर एस.टी. स्टँडसमोर माझे दोन माजी विद्यार्थी तावातावाने बोलत होते. अमकीला काढा, तमकी संपली. आता त्यांच्या हातात मोबाइल असतो, गोलांचे आकडे असतात, सामन्याच्या चित्रफिती असतात. माझ्याहून कितीतरी अधिक सामग्री. पण सूर ओळखीचा होता.

मी खुर्ची ओढून बसलो. त्यातल्या एकाने माझ्यासाठी चहा सांगितला आणि म्हणाला, "सर, तुम्हीच सांगा, काढायला पाहिजे की नको?"

मी विचारले, "पुरता सामना पाहिलास?"

तो हसला. "पुरता नाही सर. हायलाइट्स."

मी खिशातून ती घडी घातलेली दोन पाने काढली आणि त्याच्यासमोर ठेवली.